सूर आणि शोध

तुळजापूरच्या परिसरात, बालाघाटच्या डोंगररांगेच्या कुशीत वसलेल्या एका लहानशा गावी मी कित्येक वर्षे मुख्याध्यापक होतो. गावात गोंधळ्यांची चार-पाच घरे होती. नवरात्र जवळ आले, की दिवेलागणीच्या वेळी त्या घरांतून संबळाचा घुमणारा नाद आणि तुणतुण्याची साथ ऐकू येई. कोणाच्या घरी लग्नकार्य झाले, की देवीच्या नावाने गोंधळ घातला जाई आणि सारे गाव रात्रभर जागे राही.

या घरांपैकी एका घरातला मुलगा आमच्या शाळेत सातवीत शिकत होता. गणितात हुशार, वाचनाची आवड असलेला आणि मधल्या सुट्टीत बाकावर बोटांनी ताल धरणारा. त्याच्या आजोबांना सारे गाव 'आबा' म्हणे. आबांचा आवाज पहाडी. दिवटीच्या उजेडात, गळ्यात कवड्यांची माळ घालून ते उभे राहिले आणि त्यांनी गावोगावच्या देवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन केले, म्हणजे पेंगणारी पोरेसोरेही ताठ बसत.

एके वर्षी भाद्रपदात, पहाटेच्या वेळी, आबा अंथरुणावरून उठू लागले, तो त्यांचा उजवा हात उचलेना, उजवा पाय हलेना. तोंड वाकडे झाले. घरच्यांना वाटले, वारे भरले असेल, दुपारपर्यंत उतरेल. दुपार टळली, सायंकाळ झाली आणि मग त्यांना रुग्णालयात नेण्यात आले. तो अर्धांगवायूचा झटका होता. मुलांनो, येथेच एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी पहिले काही तास अमोल असतात. ते गेले म्हणजे परत येत नाहीत.

आबांचा जीव वाचला, परंतु वाचा गेली. दुसऱ्याचे बोलणे त्यांना बरेचसे समजे. पण स्वतः काही सांगू गेले, की तोंडातून एकच शब्द बाहेर पडे, "हो". पाणी हवे असले तरी "हो", नको असले तरी "हो". आपल्याला हवे ते सांगता येत नाही, हे कळून त्यांचे डोळे भरून येत. ज्या माणसाच्या आवाजाने आजवर साऱ्या गावाला जागे ठेवले, त्याच्यापाशी आता एका शब्दापलीकडे काही उरले नव्हते.

एका रविवारी मी त्यांना भेटावयास गेलो. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवीत होती. मुलगा कोपऱ्यात संबळ वाजवण्याचा सराव करीत होता. मी आलेला पाहून तो थांबला. "वाजव, थांबू नकोस," मी म्हणालो. त्याने पुन्हा काड्या हातात घेतल्या. ताल सुरू झाला आणि आबांचा धडका डावा हात हळूहळू मांडीवर पडू लागला. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलले. मग स्वर उमटला आणि स्वरापाठोपाठ शब्द! देवीच्या आवाहनाच्या ओळी आबा स्पष्ट शब्दांत गाऊ लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. आजीच्या हातातली सुई थांबली. मीही स्तब्ध झालो.

गाणे संपले. मी जवळ जाऊन विचारले, "आबा, पाणी हवं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओठ जुळवले आणि ते म्हणाले, "हो... हो... हो..."

मुलगा माझ्याजवळ आला. "गुरुजी, आबांना बोलता येत नाही, मग गाता कसं येतं? शब्द तर तेच ना?"

मुलांनो, मी मराठीचा एम. ए. शब्दांच्या अभ्यासात माझे आयुष्य गेले. पण या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी त्याला म्हणालो, "मला ठाऊक नाही, बाळ. आपण दोघे मिळून शोधू या."

एवढ्यात त्याचे वडील आले. ते काहीसे त्रासिक स्वरात म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच आता याला सांगा. शाळा तरी धर, नाहीतर संबळ तरी. दोन्ही करायला जाईल आणि हाती काही लागणार नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

त्यांचे म्हणणे रागाचे नव्हते, काळजीचे होते. घरातला कर्ता आवाज गेला होता आणि मुलाच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा होता. मी काही बोलण्यापूर्वी आजीच म्हणाली, "वाकळ काय वेगळ्या कशाची होती व्हय? चिंध्याच की. दोरा पक्का पायजे."

त्या दिवशी मी दोन प्रश्न घेऊन घरी परतलो. एक मुलाचा : बोलता न येणारा माणूस गातो कसा? दुसरा त्याच्या वडिलांचा : दोन विद्यांच्या मागे लागणारा माणूस दोन्हींना मुकतो काय?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी काही ग्रंथ मिळवले आणि परिचयातील डॉक्टरांना विचारले. जे कळले ते असे. माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. एवढ्याशा जागेत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करतो आणि उजवा भाग डाव्या बाजूचे. सन १८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची तपासणी केली. त्या रुग्णाला दुसऱ्यांचे बोलणे समजे; परंतु स्वतःला 'टॅन' या एकाच ध्वनीखेरीज जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोका यांनी मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागाला इजा झालेली दिसली. बोलण्याच्या क्रियेशी मेंदूच्या या भागाचा निकट संबंध आहे, हे त्यावरून कळून आले. आबांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्याच वेळी वाचाही गेली, याचे कारण हेच. इजा डाव्या मेंदूला झाली होती.

परंतु गाण्याचे काम एकटा डावा भाग करीत नाही. सूर आणि चाल यांच्या कामात उजव्या भागाचाही मोठा वाटा असतो. शिवाय हजार वेळा म्हटलेले गाणे आणि त्या क्षणी नवे वाक्य जुळवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. वाक्य जुळवताना प्रत्येक शब्द शोधावा लागतो. मुरलेल्या गाण्यात एक स्वर पुढच्या शब्दाचा हात धरून त्याला बाहेर आणतो. म्हणून आबांचे बोलणे गेले आणि गाणे राहिले.

या गोष्टीचा उपयोग करून अमेरिकेतील बोस्टन शहरात १९७३ साली मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी एक उपचारपद्धती मांडली. रुग्णाला रोजच्या उपयोगाचे छोटे शब्द एक उंच आणि एक खालचा अशा दोन स्वरांत म्हणावयास शिकवायचे. प्रत्येक अक्षराबरोबर डाव्या हाताने ठेका धरावयाचा. शब्द रुळले, की चाल हळूहळू कमी करीत साध्या बोलण्याकडे यावयाचे. गाण्याच्या वाटेने बोलण्यापर्यंत पोहोचण्याचा हा प्रयत्न होता.

हे सारे वाचीत असता माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. सूर आणि मेंदू यांचा संबंध शोधणाऱ्यांत काही जण स्वतःच संगीताचे उपासक आहेत. डॉक्टर चार्ल्स लिम हे अमेरिकेतील कानाचे शल्यचिकित्सक. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या कानात शस्त्रक्रियेने श्रवणयंत्र बसवणे हे त्यांचे काम. हेच डॉक्टर सॅक्सोफोनही वाजवतात. आपल्याकडे गवई जशी मैफलीत ऐन वेळी तान सुचेल तशी घेतो, तसेच त्यांच्याकडील 'जॅझ' संगीतात वादक ऐन वेळी नवी रचना करतो. लिम यांना प्रश्न पडला : त्या क्षणी मेंदूत काय घडत असेल? मेंदूचे काम दाखवणाऱ्या यंत्रात प्रचंड शक्तीचे चुंबक असते. तेथे लोखंडाची वस्तू नेता येत नाही. म्हणून त्यांनी व त्यांचे सहकारी ॲलन ब्रॉन यांनी लोखंडाचा अंशही नसलेली छोटी पेटी करवून घेतली आणि निष्णात वादकांना यंत्रात झोपवून ती वाजवावयास लावली. सन २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. वादक उत्स्फूर्तपणे वाजवू लागला, की स्वतःच्या प्रत्येक कृतीवर पहारा ठेवणारा मेंदूचा भाग काहीसा शांत होतो. हा प्रयोग केवळ डॉक्टराला किंवा केवळ वादकाला सुचणे कठीण होते. तो दोहोंचा ज्याच्या ठायी संगम झाला होता, त्याला सुचला.

डॅनिएल लेव्हिटिन यांची कथा याहून वेगळी. ते प्रथम वाद्यवृंदांत वाजवीत आणि गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे काम करीत. ध्वनिमुद्रण करता करता 'माणसाला गाणे आठवते कसे?' या प्रश्नाने त्यांना घेरले आणि ते पुन्हा विद्यार्थी होऊन विद्यापीठात गेले. त्यांनी लोकांना त्यांचे आवडते गाणे आठवणीतून म्हणावयास सांगितले आणि मूळ मुद्रणाशी ताडून पाहिले. संगीत न शिकलेल्या सामान्य माणसांपैकीही पुष्कळांनी मूळ पट्टीच्या अगदी जवळचा सूर धरला होता! हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. पेटी आणि आवडीचे एक गाणे जवळ असेल, तर तुम्हीही हा प्रयोग करून पाहू शकाल.

सरावाने मेंदू स्वतःच बदलतो, हेही आता सिद्ध झाले आहे. जर्मनीतील संशोधकांनी १९९५ मध्ये व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांची तपासणी केली. डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत जी जागा असते, ती या वादकांत इतरांपेक्षा मोठी आढळली. आणि ज्यांनी लहानपणीच शिकण्यास आरंभ केला होता, त्यांच्यात ती अधिकच मोठी होती. मळलेल्या पायवाटेसारखे हे आहे. रोज चालणारी पावले वाट रुंद करतात.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. सन १९९३ मध्ये एका प्रयोगावरून असा गवगवा झाला, की मोझार्ट या थोर संगीतकाराचे संगीत नुसते ऐकल्याने बुद्धी वाढते. प्रत्यक्षात त्या प्रयोगातील परिणाम पंधरा मिनिटेही टिकला नव्हता आणि पुढील तपासण्यांत त्या गवगव्याला आधार मिळाला नाही. नुसते ऐकून कोणी शहाणा होत नाही. वाट चालणाऱ्यालाच वाट सापडते.

आता वडिलांचा प्रश्न. परदेशातील ही उदाहरणे त्यांना सांगितली असती, तर ते म्हणाले असते, "गुरुजी, ते तिकडचं झालं. आपल्याकडे असं कोण आहे?" म्हणून मी आपल्याच मराठी माणसांकडे पाहू लागलो.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत झाला. ते वकील होते. १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली आणि काही काळ कराचीत वकिलीही केली. बालपणापासून संगीताचे वेड होते आणि सतारीचा अभ्यास होता. पुढे पत्नी व मुलगी यांच्या मृत्यूचे दुःख पचवून त्यांनी वकिली सोडली आणि उर्वरित आयुष्य संगीताला वाहिले. त्या काळी रागांविषयी एकवाक्यता नव्हती. एकाच रागाचे स्वर एक उस्ताद एक सांगे, दुसरा दुसरे. भातखंडे गावोगाव हिंडले. त्यांनी जुने ग्रंथ तपासले, गवयांना प्रश्न विचारले, त्यांच्या बंदिशी लिहून घेतल्या आणि न्यायालयात साक्षीपुरावे पारखावे तसे सारे पारखले. मग त्यांनी असंख्य राग दहा थाटांत मांडले आणि बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ त्यांनी गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने मराठीत लिहिला. त्यांच्या मांडणीवर विद्वानांनी आक्षेपही घेतले; पण विद्यार्थी आजही तिच्याच आधाराने पहिले पाऊल टाकतात. वकिली सुटली, पण वकिलाची दृष्टी सुटली नाही.

डॉक्टर प्रभा अत्रे यांचा जन्म १९३२ साली पुण्यात झाला. त्या आठ वर्षांच्या असताना आई आजारी होती. मन रमावे म्हणून आईसाठी घरी संगीताचे शिक्षक येऊ लागले. आईचे शिकणे फार काळ चालले नाही, पण शेजारी बसून ऐकणारी लहानगी मुलगी गाऊ लागली. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडून त्यांनी किराणा घराण्याची तालीम घेतली. दुसरीकडे त्यांनी विज्ञानाची आणि कायद्याची पदवीही मिळवली. मैफलीत त्या सरगम, म्हणजे स्वरांची नावे घेऊन केलेले गायन, मनःपूर्वक गात. काही जाणत्यांना ते रुचत नसे. प्रभाताईंनी त्यावर वाद घातला नाही. त्या सरगमवरच संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात त्यांनी संगीत विभागाचे प्रमुखपद भूषवले. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. गाणाऱ्याने विचारही करावा आणि विचार शब्दांत मांडावा, हे त्यांनी आयुष्यभर आचरून दाखवले.

डॉक्टर अश्विनी भिडे-देशपांडे यांचा जन्म १९६० साली मुंबईत झाला. नारायणराव दातार आणि आई माणिक भिडे हे त्यांचे गुरू. गाण्याची तालीम चालू असतानाच त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केले आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन करून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर पूर्ण वेळ गायनाला वाहून घेऊन त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या आघाडीच्या गायिका झाल्या. कोणी म्हणेल, मग विज्ञानाची ती वर्षे वाया गेली. परंतु प्रयोगशाळेत एकच प्रयोग पुनःपुन्हा करावा लागतो, चूक कोठे झाली ते शांतपणे शोधावे लागते आणि घाई चालत नाही. पहाटे तंबोरा घेऊन एकच स्वर लावीत बसणाऱ्याला याहून वेगळे काय करावे लागते?

मुलांनो, या साऱ्यांच्या जीवनाकडे पाहता मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, यांपैकी कोणीही दहा विद्यांच्या मागे धावला नाही. दोन विद्या घेतल्या आणि दोन्हींना पुरता वेळ दिला. दुसरी, वेळ आली तेव्हा त्यांनी निवडही केली. भातखंड्यांनी वकिली सोडली, अश्विनीताईंनी प्रयोगशाळा सोडली. दिवसाचे तास चोवीसच असतात. सर्व काही नेहमी हाती धरता येत नाही. मात्र नीट शिकलेली विद्या सोडली तरी आपल्याला सोडीत नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की प्रत्येकाजवळ स्वतःचा एक प्रश्न होता. रागाचे खरे रूप कोणते? सरगम का गावी? वादकाच्या मेंदूत काय घडते? तो प्रश्न म्हणजेच आजीचा दोरा. दोरा नसेल तर तुकडे वाऱ्यावर उडतात. दोरा असेल तर त्यांचीच वाकळ होते आणि थंडीत ऊब देते.

हे सारे मी एके सायंकाळी आबांच्या ओसरीवर बसून सांगितले. मुलाचे वडील मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "गुरुजी, सोडायला लावावं असं माझ्या तरी मनात कुठं होतं? संबळ आमच्या पिढ्यांचा आहे. पण पोराचं भलं व्हावं, एवढंच." आणि मग मुलाकडे वळून म्हणाले, "अभ्यास आधी. दिवे लागल्यावर एक तास संबळ. जमेल?" मुलाने मान हलवली.

पुढे सोलापूरच्या एका वाचा-उपचार तज्ज्ञांना आबांना दाखवले. त्यांनी दोन स्वरांची पद्धत समजावून दिली. रोज सायंकाळी मुलगा आजोबांसमोर बसे, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेई आणि ठेक्यावर म्हणे, "पा-णी". पहिले अक्षर उंच, दुसरे खाली. कित्येक आठवडे काही झाले नाही. मुलगा कंटाळला, पण थांबला नाही. संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी दुपारी, गाणे नाही, ताल नाही, आबा आजीकडे पाहून सावकाश म्हणाले, "पाणी." आजीने तांब्या भरून आणला, पण तिच्या हाताला इतका कंप सुटला होता, की अर्धे पाणी ओसरीवरच सांडले.

आबा पूर्ण बरे झाले नाहीत. पुढील दोन वर्षांत त्यांच्या तोंडी वीस-पंचवीस शब्द आले, एवढेच. पण त्यांत नातवाचे नाव होते.

आता ते नाहीत. तो मुलगा मोठा झाला आहे आणि श्रवण व वाचा-उपचाराचे शिक्षण घेत आहे. आपल्या राज्यात हे शिक्षण मिळते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. नवरात्रात तो गावी येतो, आजोबांचा संबळ कमरेला बांधतो आणि गोंधळाला उभा राहतो. मागच्या खेपेस मला भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी तुम्ही 'मला ठाऊक नाही' म्हणालात, म्हणून मी शोधायला लागलो."

मुलांनो, तुम्हालाही असा एखादा प्रश्न भेटेल. घरात, शेतात, देवळात, कदाचित एखाद्या ओसरीवर. त्याला हाकलून देऊ नका.

शब्दार्थ

दिवटी – देवीच्या गोंधळात धरतात ती लहान मशाल. अर्धांगवायू – शरीराची एक बाजू लुळी पडण्याचा विकार. वाचा – बोलण्याची शक्ती. चेतापेशी – मेंदूतील संदेश वाहून नेणाऱ्या पेशी. वाकळ – जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून केलेली गोधडी. उत्स्फूर्त – आपोआप, ऐन वेळी सुचलेले. निष्णात – अत्यंत कुशल. एकवाक्यता – मतांची जुळणी. स्वरलिपी – स्वर लिहून ठेवण्याची पद्धत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आबांच्या तोंडी कोणता एकच शब्द उरला होता?
(आ) ब्रोका यांच्या रुग्णाच्या मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली होती?
(इ) प्रभा अत्रे यांनी कोणत्या विषयावर संशोधन केले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आबांना बोलता येत नसता गाता कसे येत होते?
(आ) भातखंडे यांना वकिलीच्या शिक्षणाचा संगीतात कोणता उपयोग झाला?
(इ) मुलाच्या वडिलांचे म्हणणे रागाचे नसून काळजीचे होते, असे लेखक का म्हणतो?

३. 'दोरा पक्का पायजे' या आजीच्या उद्गाराचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण कोणत्या माणसांना लागू पडते आणि कोणत्या माणसांना लागू पडत नाही, ते उदाहरणे देऊन लिहा.

५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : डोळे भरून येणे, वाहून घेणे, हाती न लागणे, ठेका धरणे.

६. उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या वादकाला किंवा कारागिराला भेटा. 'हे तुम्ही कसे शिकलात?' असे विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून आणा.